ब्रनोची झेडबी २६ ते ब्रेन गन: प्रदर्शनासाठी १:४ मॉडेल, कामाच्या नोंदी

२८ मे

आमच्या वाचनालयात कारगिल विजय दिवसाला छोटं प्रदर्शन असतं, यंदा त्यात एक टेबल मला मिळालंय. विषय ठरवला, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक लाइट मशिनगन चेकोस्लोव्हाकियात जन्माला आली आणि दहा-अकरा वर्षांत बदलत बदलत ब्रिटिशांची ब्रेन गन कशी झाली. आपल्याकडे ज्यांच्या घरात कोणी फौजेत होतं त्यांना ब्रेन गन हा शब्द माहीत असतोच, पण ती मुळात चेक आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. ते दाखवायचंय.

प्लॅन असा: झेडबी २६ आणि ब्रेन मार्क १ ही दोन मॉडेल १:४ मापात, पूर्ण भरीव, लाकूड, एमडीएफ आणि अ‍ॅल्युमिनियमची. मध्ये झेडजीबी मालिका (झेडबीपासून ब्रेनपर्यंतचे मधले नमुने) आहे, ती मॉडेलने न दाखवता पारदर्शक शीटवर. १:४ का तर दोन्ही बंदुका साधारण ११६० मिमी लांब, म्हणजे मॉडेल २९ सेंमीचं होतं, हातात धरून बघता येतं आणि लांबूनही खेळणं किंवा मॉडेलच वाटतं. १:१ करायच्या फंदात कोणी पडू नका, खऱ्यासारखी दिसणारी वस्तू गाडीवर घालून गावातून नेणं म्हणजे नसती चौकशी मागे लावून घेणं.

२ जून

मापं गोळा करण्यात वेळ गेला. ब्रेन मार्क १ चं काम सोपं, एकूण लांबी ११५६ मिमी, नळी ६३५ मिमी, वजन १० किलोच्या जरा वर. १:४ मध्ये २८९ आणि १५९. झेडबी २६ ची लांबी वेगवेगळ्या ठिकाणी दहा-वीस मिमीने वेगळी छापलेली दिसते, मी ११६० धरून चालले, १:४ मध्ये फरक दोन-चार मिमीचाच पडतो.

फोटोवरून थेट ट्रेस करणाऱ्यांसाठी: बहुतेक फोटो जरा तिरके असतात आणि त्यात पुढचा भाग आखूड दिसतो. मी आधी एकूण लांबी आणि नळीची लांबी कागदावर मारून घेतली आणि मग फोटो त्यात बसतो का ते बघितलं, जो बसला नाही तो बाजूला. असे बरेच गेले.

दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती म्हणजे लांबी जवळजवळ सारखी, वर लावलेलं मॅगझिन सारखं, उचलायचं हँडल सारखं, आणि तरी दोन्ही वेगळ्या दिसतात. कुठे वेगळ्या तर तीन जागी. नळी, नळीखालचा गॅस सिलिंडर (गोळीमागचा गॅस यात येतो आणि त्याच्या जोरावर बंदूक पुढची गोळी स्वतः भरते) आणि मॅगझिन. आणि या तिन्ही बदलांचं मूळ शोधत गेलं की आपण काडतुसापाशी पोचतो, निदान दोन बदलांचं तरी सरळ सरळ. म्हणून टेबलावर मधोमध काडतूस ठेवायचं ठरवलं, बंदुका दोन बाजूंना.

६ जून

१२ मिमी एमडीएफमधून दोन्ही बॉडी कापल्या. जिगसॉ भाड्याने न आणता सुताराकडे गेले, त्याने बँडसॉवर दहा मिनिटांत काढून दिल्या, शंभर रुपये. दस्त्यासाठी सागवानाचे तुकडे त्याच्याकडेच फुकट मिळाले.

झेडबी आणि ब्रेन दोन्हीचा रिसीव्हर (बंदुकीची मधली मुख्य बॉडी) खऱ्या बंदुकीत पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढायचे, मिलिंगची ऑपरेशन्स शेकड्याने. आपण एमडीएफवर तेच खोबणीबिबणी कोरायला गेलं की कड सुटते, भुसा निघतो. उपाय म्हणजे कोरायच्या आधी त्या जागेवर पातळ फेव्हिक्विक ओतून मुरू द्यायचं, वाळल्यावर एमडीएफ कडक होतं आणि रोटरी टूलने स्वच्छ कापलं जातं. वास भयानक येतो, खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा.

ब्रेन मार्क १ च्या रिसीव्हरवर जी सुबक कोरीव कामं आहेत ती १९४१ च्या मार्क २ मध्ये बरीचशी काढून टाकली, कारण १९४० ला फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परत आलं तेव्हा जवळजवळ सगळ्या ब्रेन तिकडेच राहिल्या होत्या आणि पटापट नव्या बनवणं भाग होतं. कोणाला सोपं मॉडेल करायचं असेल तर मार्क २ करा, ड्रम साइटच्या (चकती फिरवून जुळवायची नेमाची खूण) ऐवजी साधी उचलायची साइट आहे आणि कोरीव काम कमी. मला मार्क १ च हवी होती कारण चेक हात त्यात जास्त दिसतो.

११ जून

झेडबी २६ ची नळी. हिच्यावर गोल गोल कंगोरे आहेत, थंड होण्यासाठी, अगदी लांबपर्यंत. हे या बंदुकीचं सगळ्यात ओळखू येणारं लक्षण.

पहिली आयडिया: ६ मिमी अ‍ॅल्युमिनियम ट्यूबवर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची वायर आणून गुंडाळायची. वायर ८० रुपयांची, गुंडाळायला सोपी, दिसायला जवळून एकदम चूक. वायरचे वेढे तिरके चढत जातात, कंगोरे मात्र एकेक सुटे आणि नळीला काटकोनात असतात. रंग मारल्यावर तर आटे पाडलेला पाइप वाटायला लागला. सोडून दिलं.

दुसरं: ओ-रिंग. बारीक रबरी रिंगा ओवल्या, पण रबरावर प्रायमर धरत नाही, दाबलं की सरकतात.

शेवटी लेथवर गेले. भरीव अ‍ॅल्युमिनियम रॉड दिला, कार्बाइड टूलने एकेक खाच पाडून घेतली. टर्नर म्हणाला एवढा बारीक रॉड लांब धरला की मध्ये वाकतो, मागून टेलस्टॉकचा आधार देऊनही टोकाकडची काही खाच जास्त खोल गेली. मग त्याने रॉड दोन तुकड्यांत केला आणि मध्ये २ मिमीची पिन घातली. जोड हँडलच्या क्लॅम्पखाली लपतो. लेथचे ७०० रुपये, आणि पैसे वसूल आहेत, टेबलावर लोक हात लावतील तो भाग हाच असणार.

आता हे कंगोरे ब्रेनमध्ये का नाहीत. झेडबी २६ चा डिझायनर व्हाक्लाव होलेक आणि त्याच्या भावाने, एमान्युएलने, हे डिझाइन ब्रिटिशांसाठी बदलत नेलं, १९३० पासून झेडजीबी ३०, ३२, ३३, ३४ अशी पायरी पायरीने. झेडजीबी ३३ येईपर्यंत कंगोरे गेले होते आणि गुळगुळीत नळी आली होती. नळी बदलणं इतकं झटपट जमत असेल तर कंगोऱ्यांवर मशीनचे तास घालवायची गरज उरत नाही. मला हा होलेकच्या डिझाइनचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो, नळी तापणारच हे धरून चालायचं आणि बदलणं सोपं करायचं. लॅच फिरवायचा, हँडल धरून नळी पुढे ओढायची, दुसरी बसवायची. बंदूक टेकवायचे दोन पाय नळीला नाहीत, गॅस सिलिंडरला लावलेत, त्यामुळे नळी काढली तरी बंदूक उभीच राहते.

ब्रेनची नळी त्यामुळे लेथवर अर्ध्या पैशात झाली. पुढचा शंकूसारखा फ्लॅश हायडर (गोळी सुटताना दिसणारी ज्वाला लपवणारा तुकडा) त्याच रॉडमध्ये काढून घेतला.

१५ जून

गॅस सिलिंडर. इथे जपून करा कारण पूर्ण गोष्टच इथे आहे.

झेडबी २६ मध्ये गॅस नळीच्या पार पुढे, टोकाजवळ घेतलाय, त्यामुळे खालचा सिलिंडर लांबच लांब आणि पाय पण पुढे. ब्रेनमध्ये तो पोर्ट (गॅस घ्यायचं भोक) बराच मागे आलाय, सिलिंडर आखूड, पाय मागे सरकलेत आणि पायांच्या पुढे उघडी नळी दिसते. मी ब्रेनचा सिलिंडर झेडबीच्या टेम्प्लेटवरून कापून नंतर छोटा करायचा विचार केला होता, तसं केलं की पायांची जागा, हँडलची जागा सगळंच हलतं, दोन वेगळे टेम्प्लेटच बरे.

कारण कॉर्डाइट, ब्रिटिश काडतुसातली दारू. चेकोस्लोव्हाकियाने ही बंदूक जर्मन मापाच्या ७.९२ मिमी माउझर काडतुसासाठी बनवली होती, त्यातली दारू वेगळी. ब्रिटिशांना त्यांची थ्री नॉट थ्री (०.३०३ इंची काडतूस) चालवायची होती, तिच्यात कॉर्डाइट, आणि त्याची काजळी गॅस सिलिंडरमध्ये साचून बंदूक अडायला लागली. पोर्ट मागे नेला की गॅस जास्त गरम, जास्त दाबाचा मिळतो आणि काजळी कमी साचते. त्यावर चार भोकांचा रेग्युलेटर, घाण साचून गती मंदावली की मोठं भोक लावायचं.

मॉडेलमध्ये रेग्युलेटर म्हणून एका जुन्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन कापून लावली, १:४ मध्ये अगदी चपखल.

पाय (बायपॉड): २ मिमी पितळी रॉड, सोल्डर केला. लाकडी मॉडेलच्या वजनाला पुरतो. आधी बांबूच्या काड्यांचे केले होते, टेबल हललं की मोडतात.

२१ जून

मॅगझिन. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं, त्यामुळे ही नोंद लांब होणार.

झेडबी २६ चं मॅगझिन सरळ, २० गोळ्यांचं. ब्रेनचं वाकडं, ३० चं. ब्रेनचा बाक फोटोवरून ट्रेस केला, एमडीएफमध्ये कापला, बसवून बघितला तर काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. दुसऱ्या फोटोवरून ट्रेस केला तर बाक वेगळाच आला. तिसऱ्या फोटोचंही तेच. कुठला खरा?

मग फोटो सोडले आणि उलटीकडून सुरुवात केली. मॅगझिन वाकडं आहे ते आतल्या काडतुसांमुळे, मग काडतुसंच रचून बघू. मापं अशी, ज्याला करायचंय त्याने थेट वापरावीत:

थ्री नॉट थ्री: बुडाची कड १३.७ मिमी, कडेच्या पुढचं अंग ११.७, खांद्यापाशी १०.२, एकूण लांबी ७८.
७.९२ माउझर: बुडाला साधारण ११.९, खांद्यापाशी १०.९, एकूण लांबी ८२ पर्यंत.

म्हणजे थ्री नॉट थ्रीला बुडाला बाहेर आलेली कड आहे आणि शिवाय अंग पुढे दीड मिमीने निमुळतं होतंय. माउझरला बाहेर येणारी कड नाही आणि निमुळतेपणा एकच मिमी. ३०० जीएसएम कार्डशीटवर दोन्हीची आडवी आकृती प्रिंट केली, ३० थ्री नॉट थ्री आणि २० माउझर कापल्या (कापायला एक अख्खा रविवार गेला, भाचीने मदत केली म्हणून झालं), आणि जमिनीवर रचायला घेतल्या.

माउझरची रास जवळजवळ सरळ उभी राहिली. थोडा कल येतो, पण २० पर्यंत तो मॅगझिनच्या ढिलाईत खपून जातो. होलेकने सरळ मॅगझिन का ठेवलं ते एका नजरेत कळलं.

थ्री नॉट थ्रीची रास कडेवर कड ठेवून लावली तर ती विळ्यासारखी वळून पार फिरलीच, ब्रेनच्या मॅगझिनशी काही संबंधच नाही. इथे बराच वेळ अडकले होते. कार्ड चुकीच्या मापात प्रिंट झालीत का म्हणून व्हर्निअरने परत मोजली, मापं बरोबर होती.

२२ जून

आज हवालदारकाका आले होते. शेजारच्या गल्लीत राहतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर, बेळगावला ट्रेनिंग झालेलं. जमिनीवरची कार्डं बघून त्यांनी चप्पल काढली, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अगं, कड कडेवर नाही बसवायची. वरची कड खालच्या कडेच्या पुढं. आम्हाला पुरानी लोकांनी हेच पयलं शिकवलं. मागं राहिली तर गोळी अडकली म्हणून समज."

म्हणजे असं: मॅगझिन भरताना प्रत्येक नवीन काडतुसाची कड आधीच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे यायला पाहिजे. उलटं झालं तर बाहेर निघणारी गोळी पाठच्या गोळीच्या कडेला अडकते आणि बंदूक थांबते. थ्री नॉट थ्रीच्या रायफलीला पण हाच नियम, मशिनगनला तर जास्तच.

तशी रचली. प्रत्येक कार्ड दीड मिमी पुढे, कड कडेवर न बसता पुढे, अंगाला अंग टेकलेलं. आणि दोन रांगांत, कारण मॅगझिनमध्ये काडतुसं एकाआड एक डावी-उजवी बसतात. आता जो बाक आला तो ब्रेनच्या मॅगझिनचाच! बाहेरून पेन्सिल फिरवली, १:४ केला, ज्या फोटोवरून पहिल्यांदा ट्रेस केलं होतं त्याच्यापेक्षा बराच सौम्य निघाला. एमडीएफमध्ये कापून बसवला आणि मॉडेल एकदम ब्रेन दिसायला लागलं.

काकांनीच आणखी सांगितलं की ३० चं मॅगझिन असलं तरी ते २८ च भरायचे, स्प्रिंगला त्रास नको म्हणून. हे वाचलेलं होतं, पण ज्याने भरलंय त्याच्याकडून ऐकणं वेगळं.

यावरून टेबलाचा प्लॅनच बदलला. मधोमध आता १:१ मापाचे मॅगझिनचे आडवे काप, फक्त बाजूची आकृती, ३ मिमी एमडीएफमध्ये लेझरने कापलेली काडतुसं आत रचलेली. एक झेडबीचं, एक ब्रेनचं, आणि काकांच्या आग्रहामुळे तिसरं, ७.६२ मिमीच्या एलएमजीचं (लाइट मशिनगन). काका स्वतः तीच चालवायचे. भारतात साठच्या दशकात थ्री नॉट थ्री जाऊन ७.६२ आली तेव्हा ब्रेनचंच डिझाइन ७.६२ वर नेलं, एलएमजी वन-बी. ७.६२ च्या काडतुसाला बाहेर येणारी कड नाही आणि अंगाचा निमुळतेपणा अर्ध्या मिमीच्याही आत, लांबी ७१. रचून बघितलं तर रास परत सरळ! ब्रनोहून (झेडबी २६ बनायची ते चेकोस्लोव्हाकियातलं शहर) निघालेलं सरळ मॅगझिन एन्फील्डला (ब्रेन बनायची तो ब्रिटिश कारखाना) वाकलं आणि आपल्याकडे येऊन परत जवळजवळ सरळ झालं. बंदूक तीच, काडतूस बदललं.

२८ जून

लेझर कटिंग. फाइल डीएक्सएफमध्ये लागते, मी पीडीएफ नेली होती, दुकानात कन्व्हर्ट केली तर स्केल बदललं आणि ८२ मिमीचं काडतूस ७९ चं निघालं. एक पूर्ण शीट वाया. यापुढे प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ टाकते आणि कापायच्या आधी मशीनवर ती मोजायला सांगते.

दोन रांगा दाखवायला दोन थर केले, पुढची रांग पितळी रंग, मागची काळपट, म्हणजे एकाआड एक बसलेली कळतात. एमडीएफच्या कडा लेझरने जळून काळ्या होतात, ते इथे चाललं.

आज काकांनी ब्रेनच्या साइट बघितल्या आणि बरोबर आहेत म्हणाले. मॅगझिन वर असल्यामुळे मधून नेम धरता येत नाही, म्हणून पुढची-मागची दोन्ही साइट डावीकडे सरकवलेल्या असतात. झेडबीत पण तसंच. त्यामुळे ही बंदूक उजव्या खांद्यावरूनच चालते, डावखुऱ्यालाही उजव्यानेच शिकावं लागायचं. मॉडेल करताना साइट मधोमध लावायची सवय असते, इथे ती चूक होते.

मॅगझिन वर ठेवण्याचा फायदा असा की जमिनीवर झोपून मारा करताना खाली काही अडत नाही, आणि नंबर दोनचा जवान शेजारी झोपल्या झोपल्या मॅगझिन बदलतो. रिकामी टरफलं खाली पडतात.

४ जुलै

पाऊस. रंगकाम बंद.

स्प्रे मारल्यावर पृष्ठभाग पांढरट, दुधाळ होतोय, हवेत ओल जास्त असली की होतंच. आणि एमडीएफच्या कापलेल्या कडा फुगल्या, ब्रेनच्या बॉडीची एक कड पॉलिश पेपरने परत उतरवावी लागली. बाहेर मारणं बंद करून खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला, मॉडेल आत अर्धा तास ठेवून कोरडं गरम करायचं, बाहेर काढून पातळ थर, परत आत. दुधाळपणा गेला.

कडा फुगू नयेत म्हणून आता फेव्हिकॉल आणि पाणी अर्धं अर्धं करून लावते, वाळलं की २२० नंबर, मग लांबी (पुट्टी), मग ४००, मग प्रायमर. हे आधी केलं असतं तर चार-पाच दिवस वाचले असते, पावसाळ्यात एमडीएफवर काम करणाऱ्याने ही पायरी सोडू नये.

रंग: मॅट ब्लॅक एकदम सपाट दिसतो. वाळल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने कडांवर घासली, लोखंडाची झाक येते. दस्ता सागवानाचाच, फक्त जवसाचं तेल.

९ जुलै

अ‍ॅक्रिलिकचे दोन पारदर्शक पत्रे. एकावर झेडबी २६ ची बाह्यरेषा निळ्यात, दुसऱ्यावर ब्रेनची लाल रंगात, एकावर एक ठेवले की काय हललं ते दिसतं. रिसीव्हर आणि दस्त्याचा बराचसा भाग एकमेकांवर बसतो. निळा सिलिंडर लाल सिलिंडरच्या पुढे जातो, मॅगझिन वाकतं. मला वाटतं हे टेबलावरचं सगळ्यात कमी खर्चातलं आणि सगळ्यात जास्त बोलणारं काम. पहिल्यांदा दोन्ही मागच्या टोकाला जुळवले होते तर सगळंच थोडं थोडं हललेलं दिसायला लागलं, मग मॅगझिनच्या तोंडाशी जुळवले, बंदुकीत गोळी आत शिरते ती जागा, आणि चित्र स्वच्छ झालं. जुळवायची जागा नीट निवडा.

एक गोष्ट बाह्यरेषेत दिसत नाही ती बाजूला छोट्या कार्डवर हलणाऱ्या तुकड्याने दाखवली: बोल्टचा (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा तुकडा) मागचा भाग वर उचलला जाऊन रिसीव्हरमधल्या खांद्याला टेकतो आणि कुलूप लागतं. ही होलेकची कल्पना झेडबीपासून ब्रेनपर्यंत टिकली.

१४ जुलै

मजकुराच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर चार ओळीच, जास्त कोणी वाचत नाही. काय घेतलं ते इथे टाकते:

होलेक आधी प्रागच्या झ्ब्रोयोव्का प्रागा कंपनीत होता, तिथल्या आधीच्या नमुन्याला पट्ट्यातून गोळ्या जायच्या. सैन्याला मॅगझिन हवं होतं, ते आलं. कंपनी पैशाच्या अडचणीत सापडली आणि उत्पादन ब्रनोच्या झ्ब्रोयोव्काकडे गेलं, तिथे १९२६ पासून झेडबी २६.

चीनने ही बंदूक प्रचंड घेतली आणि स्वतःच्या शस्त्रशाळांत नक्कलही केली. जपान्यांनी चीनमध्ये ती पकडली आणि त्यांची रणगाड्यावरची टाइप ९७ तिचीच नक्कल.

ब्रिटनशी लायसन्सचा करार मे १९३५, एन्फील्डमधून पहिली ब्रेन सप्टेंबर १९३७. मधली दोन वर्षं कशात गेली तर मिलिमीटरमधली सगळी ड्रॉइंग इंचात आणण्यात आणि तेवढी टूलिंग उभी करण्यात. पीडीएफचं डीएक्सएफ करताना एक शीट घालवल्यावर या ओळीकडे मी जरा जास्तच आदराने बघते. मार्च १९३९ ला जर्मनीने ब्रनो ताब्यात घेतलं आणि झेडबी २६ जर्मन सैन्यातही गेली. म्हणजे युद्धात एकाच कारखान्याचं डिझाइन समोरासमोर.

आपल्याकडची पट्टी: भारतीय सैन्याने १९३० च्या दशकात आधी ब्रेन नाही तर विकर्स-बर्टिए ही दुसरी लाइट मशिनगन घेतली होती, इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनायची. तिलाही वरून लावलेलं ३० गोळ्यांचं वाकडं मॅगझिन, कारण काडतूस तेच, कड तीच. लांबून लोक तिला ब्रेन समजतात. पुढे ब्रेनही आली, आणि मराठा पलटणी इटलीत लढल्या तेव्हा सेक्शनमध्ये (जवानांच्या छोट्या तुकडीत) ब्रेन होती. आणि थ्री नॉट थ्रीची काडतुसं आपल्या खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत बनायची, १८६९ पासूनचा कारखाना, बुडावर के आणि एफ अक्षरं. ही ओळ मी ठळक अक्षरात घेतली, कारण ज्या कडेने ब्रेनचं मॅगझिन वाकवलं ती कड पुण्याजवळही बनत होती.

पट्ट्या छापताना फाँट तुटला, जोडाक्षरं सुटी झाली, दुकानात युनिकोडचा फाँट नव्हता. घरून पीडीएफ करून नेली की हा त्रास होत नाही.

२० जुलै

जोडणी. मॅगझिन अरल्डाइटने पक्कं चिकटवणार होते, नाही केलं. छोटी नियोडिमियम चुंबकं घातली (एक मॅगझिनमध्ये, एक बॉडीत, २० रुपयांना एक), मुलं काढून लावून बघू शकतात. चुंबकाची बाजू उलटी बसली तर मॅगझिन उडून पडतं, चिकटवायच्या आधी मार्करने खूण करा.

नळीला पण तसंच करायचं होतं, ब्रेनची नळी हँडलसकट निघावी म्हणून. पिन आणि खाच बसवली पण लाकडात ढिली होते, चार वेळा काढलं की डुलते. पितळी नळीचा तुकडा आत स्लीव्ह म्हणून घातल्यावर टिकली. काकांनी स्वतः काढून बघितली, हँडल धरूनच. म्हणाले, "दहा मॅगझिन लागोपाठ मारली की बदलायची. नुसता हात लावला तर कातडं नळीलाच राहतं."

खर्च, ज्यांना अंदाज हवाय त्यांच्यासाठी: लाकूड-एमडीएफ ६५०, लेथ १,२००, लेझर आणि अ‍ॅक्रिलिक २,१००, रंग-प्रायमर-लांबी-पेपर १,४५०, छपाई ४८०, आणि वाया गेलेलं (वायर, ओ-रिंग, लेझरची शीट, बांबू) साधारण ९००. एकूण ६,७८० रुपये. लेझर टाळून कार्डशीटवरच मॅगझिन केली तर हजार-दीड हजार वाचतात, फक्त दमट हवेत कार्ड वाकतं.

२७ जुलै

प्रदर्शन झालं. लोक बंदुकांपाशी थांबतील असं वाटलं होतं, पण जास्त थांबले ते तीन मॅगझिनपाशी. एका शाळेच्या मुलांना मी सुटी कार्डं देऊन रचायला लावली, पहिल्यांदा सगळी कडेवर कड ठेवतात, मग कड पुढे घ्यायला सांगितली की रास विळ्यासारखी वळायची थांबते. पुढच्या वेळी हेच मध्ये मोठं करणार, १:२ च्या जाड लाकडी काडतुसांनी, कारण कार्डं सरकतात आणि मुलांच्या हातात दुमडतात.

दुरुस्त्या ज्या राहिल्यात: ब्रेनच्या दस्त्याखालचं मागचं हँडल (मार्क १ ला असतं, नंतर काढलं) जरा जाड झालंय. झेडबीच्या नळीच्या जोडाला रंग उडालाय, हात लागून लागून. पितळी पायांना सोल्डरच्या जागी एक तडा, तिथे बाहेरून कॉलर घालणार.

टेम्प्लेट हवे असतील त्यांनी प्रिंट करताना फिट टू पेज बंद करा, १०० टक्के ठेवा, आणि कोपऱ्यातली १०० मिमीची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजूनच कापायला घ्या. प्लास्टिकची शाळेची पट्टी नको, माझ्याकडची एक मिमीने खोटी निघाली.